घरच्या शेडसाठी जुनं वेल्डिंग मशीन: पारख, दुरुस्ती आणि पहिला टाका

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये इलेक्ट्रॉनिक कार्डावर चालणारी इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आली आणि जुने ट्रान्सफॉर्मर कोपऱ्यात गेले. सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीतही तेच चित्र. ही मशीन भंगारवाल्याकडे, जुन्या यंत्रांच्या दलालाकडे किंवा बंद पडलेल्या गाळ्यात मिळतात. गेट, ग्रिल, कांदाचाळीचे अँगल, द्राक्षबागेचे वाय अँगल, ट्रॉलीची फाटकं एवढी कामं घरच्या शेडमध्ये करणाऱ्याला असं मशीन वर्षानुवर्षं पुरतं. अट एकच, आतली वाइंडिंग, म्हणजे तारेच्या वेढ्यांची कॉइल, शाबूत हवी. होल्डर, केबल, टर्मिनल, हँडल, चाकं, पत्रा हे सगळं बदलता येतं. वाइंडिंग जळालेली असेल तर मात्र रिवाइंडिंगच्या खर्चात दुसरं चांगलं जुनं मशीन येतं.

जुनं इन्व्हर्टर घेण्याच्या फंदात शक्यतो पडू नका. कार्ड गेलं तर घरी काही करता येत नाही, आणि आतले कपॅसिटर लाइन काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास धरून बसतात. ट्रान्सफॉर्मरमध्ये लोखंड, तांबं आणि पट्ट्या यांपलीकडे फारसं काही नसतं, म्हणून तो दुरुस्त होतो.

आधी लाइन, मग मशीन

बाजारात जाण्याआधी घरचं वीजबिल काढा आणि त्यावरचा मंजूर भार वाचा. कारखान्यातली बहुतेक जुनी मशीन 'टू फेज' असतात, म्हणजे दोन फेजच्या मधल्या ४१५ व्होल्टवर चालणारी. घरी सिंगल फेज २३० व्होल्ट असेल तर तसलं मशीन लावून आर्क लागणार नाही. मशीनच्या माहितीच्या प्लेटवर ७५ व्होल्ट ओसीव्ही (रॉड न टेकवता बाहेर मिळणारा दाब, म्हणजे व्होल्टेज) असलेलं ४१५ चं मशीन २३० वर लावलं तर बाहेर जेमतेम ४२ व्होल्ट मिळतात, रॉड नुसता चिकटतो. उलटी चूक जिवावर बेतणारी आहे. २३० चं मशीन दोन फेजवर लावलं तर होल्डरवर १३५ व्होल्टच्या घरात दाब येतो आणि कॉइलही जळते. काही मशीनच्या टर्मिनल बोर्डवर लिंक पट्ट्या असतात. त्या बदलल्या की तेच मशीन दोन्ही दाबांवर चालतं. असं मशीन दिसलं तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

लाइनवर किती भार येईल, याचा हिशोब सोपा आहे: वेल्डिंगचा करंट गुणिले ओसीव्ही, भागिले लाइनचा व्होल्टेज. १० नंबर रॉड, म्हणजे ३.१५ मिमी, १२० अँपिअरवर चालवला आणि ओसीव्ही ७० असेल, तर २३० व्होल्टवर साधारण ३६ अँपिअर लागतात आणि ४१५ वर २० अँपिअर. १२ नंबर, म्हणजे २.५ मिमी रॉड ७५ अँपिअरवर २३० व्होल्टला २३ अँपिअर ओढतो. म्हणजे घरच्या सिंगल फेजवर १२ नंबर रॉड आरामात चालतो, १० नंबर जेमतेम, आणि ८ नंबरचं नाव काढू नये. रोज १० नंबर चालवायचा असेल तर थ्री फेज कनेक्शन घ्या.

पंपाच्या कनेक्शनवर वेल्डिंग चालवू नका. ज्या कामासाठी वीज मंजूर आहे त्याव्यतिरिक्त वापर हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये अनधिकृत धरला जातो आणि आकारणी दुप्पट दराने होते. गिऱ्हाइकांची कामं घ्यायची असतील तर महावितरणकडून त्या वापराचं कनेक्शन घ्यावं.

जागेवर मशीन कसं बघायचं

सोबत बॅटरी, ब्लेड, मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर) आणि १० नंबरचे चार रॉड न्या. मेगर नसेल तर ओळखीच्या मोटर वाइंडिंगवाल्याचा तासाभरासाठी आणा. विकणारा मेगर लावू देत नसेल तर तिथून निघा.

प्लेट आधी वाचा. लाइनचा व्होल्टेज, ओसीव्ही, करंटची रेंज आणि ड्यूटी सायकल (एकूण वेळेपैकी किती टक्के वेळ तो करंट देता येतो) या चार गोष्टी तिच्यावर हव्यात. अशा ट्रान्सफॉर्मरचा भारतीय मानक क्रमांक आयएस १८५१ आहे. '२०० अँपिअर, ३५ टक्के' असं लिहिलं असेल तर मशीन २०० वर सलग चालत नाही. सलग चालणारा करंट म्हणजे २०० गुणिले ०.३५ चं वर्गमूळ, म्हणजे ११८ अँपिअर. घरकामाला तेवढा भरपूर आहे. एसीवर ८० व्होल्टपेक्षा जास्त ओसीव्ही असलेलं मशीन घेऊ नका. घामेजलेल्या हाताला तो दाब जीवघेणा ठरू शकतो.

मग झाकण उघडून नाक आत घाला. जळक्या वार्निशचा वास वर्षं झाली तरी जात नाही. कॉइलचा रंग सगळीकडे सारखा हवा. एकाच जागी काळसर पट्टा असेल तर आतले वेढे तिथे एकमेकांना चिकटले आहेत असं समजा.

तांबं की अ‍ॅल्युमिनियम, हे टर्मिनलजवळ बघून कळत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या कॉइलला पुढे तांब्याची शेपटी जोडलेली असते, आणि वार्निशमुळे सगळंच तांबूस दिसतं. टॉर्च मारून पट्टी कॉइलमधून जिथे बाहेर येते तिथे ब्लेडने केसाएवढं खरवडा. लाल निघालं तर तांबं, पांढरं निघालं तर अ‍ॅल्युमिनियम. तपासून झाल्यावर त्या जागी वार्निशचा ठिपका द्यायला विसरू नका. भावावरूनही अंदाज येतो. तांब्याची कॉइल सोलून भंगारात घातली तरी विकणाऱ्याला त्या दिवसाच्या भावाने पैसे सुटतात, म्हणून तो त्याखाली उतरत नाही. 'तांब्याचं' म्हणून कुणी फारच स्वस्तात देत असेल तर ते अ‍ॅल्युमिनियम आहे. अ‍ॅल्युमिनियमचं मशीन वाईटच असतं असं नाही, पण पैसे त्याच हिशोबाने मोजा.

मेगरच्या तीन चाचण्या घ्या: प्रायमरी (लाइनकडची कॉइल) ते बॉडी, सेकंडरी (होल्डरकडची कॉइल) ते बॉडी, प्रायमरी ते सेकंडरी. पहिल्या दोन किमान २.५ मेगओहम आणि तिसरी किमान ५ मेगओहम आली पाहिजे. आतमध्ये कपॅसिटर असेल तर त्याची वायर आधी सोडवा. रेक्टिफायर (डीसी देणारं) मशीन असेल तर डायोडच्या सगळ्या टोकांना एका वायरने एकत्र जोडूनच मेगर फिरवा, नाहीतर डायोड जातील. आकडा ०.५ च्या आसपास आला तर घाबरू नका. मशीन इगतपुरी-घोटीच्या भरपूर पावसाच्या बाजूचं असेल किंवा पावसाळाभर उघड्यावर पडलेलं असेल, तर ओलीमुळे असं होतं आणि वाळवल्यावर आकडा चढतो. शून्य आला, आणि पुसून, वायरी सोडवूनही शून्यच राहिला, तर ते मशीन सोडा.

शेवटी रॉड न लावता १० मिनिटं चालू ठेवा. ओसीव्ही प्लेटशी जुळतो का, लाइनचा करंट स्थिर आहे का, ते बघा. करंट हळूहळू चढत असेल, किंवा बंद करून, प्लग काढून हात लावल्यावर एकच कॉइल कोमट लागत असेल, तर आत वेढे शॉर्ट आहेत. काम न करता तापणारं मशीन कुठल्याच भावाला स्वस्त नसतं.

घरी आल्यावर: उघडणं, साफ करणं, वाळवणं

प्लग काढलेला आणि डोळ्यांसमोर ठेवलेला असेल तरच झाकण खोला. पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर, म्हणजे डब्यासारखा दिसणारा भाग, आधी रिकामा करा. १०० वॉटचे दोन पिवळे बल्ब सिरीजमध्ये जोडून त्यांची टोकं कपॅसिटरच्या टर्मिनलला काही सेकंद धरा, मग मल्टिमीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करायची सवय चांगली नाही. कपॅसिटर फुगलेला किंवा तेलकट असेल तर काढून टाका आणि वायरींची टोकं नीट झाका. मशीन त्याच्याशिवाय चालतं, लाइनचा करंट फक्त थोडा वाढतो. जुन्या कपॅसिटरमधल्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं, म्हणून पाझरणाऱ्या कपॅसिटरला उघड्या हाताने शिवू नका, फोडू तर मुळीच नका. टर्मिनलजवळ पांढरट, धाग्यासारखा दोर किंवा पुठ्ठा दिसला तर तो अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ओला करून, मास्क लावून काढा आणि पिशवीत बंद करा.

शेडमध्ये ग्राइंडर चालतो, त्यामुळे जुन्या मशीनच्या पोटात लोखंडी भुकटी साचलेली असते. ती वीज वाहून नेते आणि मेगरचा आकडा पाडते. मऊ ब्रश आणि ब्लोअर वापरा, कॉम्प्रेसरची हवा असेल तर दाब २ किलोच्या आत ठेवा. जास्त दाबाने भुकटी उलट वेढ्यांमध्ये घुसते. रॉकेल, पेट्रोल, थिनर यातलं काहीही नको, कारण थिनर जुनं वार्निश मऊ करतो.

आता वाळवणं. तळाशी १०० किंवा २०० वॉटचे दोन बल्ब कॉइलपासून हातभर अंतरावर लावा. वरून गोणपाट टाका आणि वाफ जायला एक बाजू उघडी ठेवा. २४ ते ४८ तास लागतात. कॉइल ८० अंशांच्या वर तापू देऊ नका. दर चार तासांनी बल्ब बंद करून मेगर घ्या आणि आकडे वहीत लिहा. पहिले काही तास आकडा वाढण्याऐवजी खाली येतो, आणि अनेक जण तिथेच हात टेकतात. पण तापलेल्या इन्सुलेशनचा रोध मुळातच कमी होतो, आणि आतली ओल बाहेर येताना तो आणखी पडतो. मग आकडा चढायला लागतो आणि एका जागी स्थिर होतो. तीन वाचनं सारखी आली की वाळवणं पूर्ण झालं. त्यानंतरच एअर ड्राय वार्निशचे दोन पातळ हात द्या. ओल्या कॉइलवर वार्निश मारलं तर ओल आतच कोंडते.

मशीन तेलाचं असेल तर आधी तेल बघा. पिवळसर पारदर्शक असेल तर ठीक, दुधाळ असेल तर पाणी शिरलं आहे, काळं असेल तर बदला. ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणाऱ्यांकडे तेलाची बीडीव्ही चाचणी (तेल किती व्होल्टला तुटतं ती) करून घेता येते. २.५ मिमी गॅपला ३० किलोव्होल्टखाली तुटणारं तेल गाळून घ्या. ४१५ व्होल्टच्या मशीनला एवढी ताकद लागत नाही, पण तो आकडा तेलातली ओल दाखवतो. काढलेलं तेल नाल्यात ओतू नका, नाशिकचे नाले गोदावरीलाच मिळतात. ते अधिकृत रिसायकलरकडे द्या.

टर्मिनल बोर्ड, म्हणजे निम्मं दुखणं

'मशीन मार देत नाही', 'आर्क मधेच मरतो', 'मशीन तापतं' या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा कॉइलमध्ये नसून टर्मिनलवर असतं. सेकंडरीचा पितळी बोल्ट ज्या हायलम शीटमध्ये (वीज न वाहणारी कडक शीट) बसवलेला असतो तिच्याकडे निरखून बघा. बोल्टभोवती तपकिरी कडं दिसेल, त्याला लागून काळी चकचकीत रेघ दुसऱ्या बोल्टकडे सरकलेली दिसेल. ती रेघ म्हणजे कोळसा झालेलं हायलम आणि तिच्यातून वीज पाझरते. पॉलिश पेपरने घासून ती जात नाही, खोलवर गेलेली असते. शीट बदलाच. १० ते १२ मिमी जाडीचा तुकडा कापा, जुन्या शीटवरून भोकं आखा आणि कडांना वार्निश लावा.

बोल्टवर वस्तू कोणत्या क्रमाने बसवायच्या याला फार महत्त्व आहे. कॉइलची पट्टी आणि केबलचा लग (केबलच्या टोकाला बसवलेला धातूचा भोकाचा तुकडा) एकमेकांना थेट भिडले पाहिजेत. त्यांच्या मध्ये लोखंडी वॉशर आला की सगळा करंट त्या वॉशरमधून जातो आणि तो लालसर होईपर्यंत तापतो. वॉशर आणि स्प्रिंग वॉशर लगच्या वर, नटाखाली. लग, पट्टी, बोल्ट पॉलिश पेपरने चकचकीत करा. पट्टी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर घासल्या घासल्या लगेच जॉइंट कंपाउंड लावून आवळा, कारण तिच्यावर क्षणात ऑक्साइडचा थर चढतो. तांब्याचा लग तिच्यावर थेट न लावता बायमेटल (तांबं-अ‍ॅल्युमिनियम जोडलेला) लग वापरा. अ‍ॅल्युमिनियमचा सांधा आठवड्याभराने पुन्हा आवळावा लागतो.

पॉइंटचं मशीन (पिन वेगवेगळ्या सॉकेटमध्ये घालून करंट बदलणारं) असेल तर प्रत्येक पितळी सॉकेट बोटाने तपासा. खड्डे पडलेलं सॉकेट आणि ढिली पिन बदला. वेल्डिंग चालू असताना पॉइंट बदलल्यामुळेच ते जळालेले असतात.

हँडलच्या मशीनमध्ये करंट बदलायला कोअर, म्हणजे लोखंडी गाभा, आत-बाहेर सरकतो. हँडल जड फिरत असेल तर स्क्रू साफ करून उष्णता सहन करणारं ग्रीस थोडंसं लावा, कोअरच्या पत्त्यांवर (पातळ लोखंडी पत्र्यांवर) मात्र ग्रीस जाऊ देऊ नका. मशीन भुंग्यासारखं गुणगुणत असेल तर कोअरला दाबून धरणाऱ्या पट्टी-स्प्रिंगा ढिल्या पडल्या आहेत. त्या बदला, लाकडाची पाचर मारू नका. ती वाळते आणि पडते. पत्ते आवळणाऱ्या बोल्टवर फायबरची नळी आणि वॉशर असतात. कुणीतरी उघडताना ते हरवलेले असतील तर पत्ते बोल्टमार्गे शॉर्ट होतात आणि तो बोल्ट एकटाच सणसणीत तापतो.

लाइनची बाजू

२३० व्होल्टला ६ चौ. मिमी आणि ४१५ ला ४ चौ. मिमीची तीन कोअर तांब्याची फ्लेक्सिबल केबल, लांबी १० मीटरच्या आत. इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट ३२ अँपिअरचा: निळा २३० साठी, लाल ४१५ साठी. एमसीबी डी कर्व्हची आणि दोन्ही तारा तोडणारी. सी कर्व्हची एमसीबी मशीन चालू करतानाच्या धक्क्याने पडत राहते, मग लोक ती काढून मोठी लावतात आणि वायरिंग जळतं. सोबत ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) हवी. ती पडत असेल तर गळती शोधा, तिला बायपास करू नका.

हिरवी-पिवळी तार बॉडीच्या स्वतंत्र बोल्टला, रंग खरवडून लावा. प्लगच्या अर्थ पिनपासून बॉडीपर्यंतचा रोध पाच मीटरच्या केबलला ०.३ ओहमच्या आत आला पाहिजे. अर्थच्या जागी न्यूट्रल जोडणं ही सगळ्यांत घातक चूक आहे. न्यूट्रल कुठे सुटला की मशीनची सगळी बॉडी जिवंत होते.

होल्डरची बाजू

ज्याला आपण 'अर्थची केबल' म्हणतो ती अर्थिंग नसते, ती करंटची परतीची वाट असते. तिचा क्लॅम्प जॉबवरच, टाक्याच्या जवळ, घासलेल्या लोखंडावर लावा. शेडच्या खांबाला किंवा स्लॅबच्या सळईला क्लॅम्प लावून दुसरीकडे वेल्डिंग केलं की करंट घरच्या अर्थिंगच्या तारेतून वाट काढतो आणि ती जाळतो.

१२० अँपिअरला ३५ चौ. मिमी तांब्याची केबल योग्य. जाऊन-येऊन २० मीटर धरली तर तिच्यात सव्वा व्होल्टच्या आत दाब पडतो, १६ चौ. मिमीत अडीच व्होल्टच्या वर. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या केबलीही असतात. तार कापून टोक बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. लग क्रिंप करून घ्या, हातोडीने ठोकून बसवलेला लग महिनाभरात ढिला होतो.

पहिल्यांदा चालू करताना

मशीनच्या सिरीजमध्ये २०० वॉटचा बल्ब लावा. ४१५ चं मशीनही आधी २३० वरच असं लावून बघा. दिवा मंद राहिला तर ठीक, थेट लाइनवर असल्यासारखा पूर्ण पेटला तर थांबा, आत शॉर्ट आहे. मग बल्ब काढून सरळ २३० वर ओसीव्ही मोजा. ४१५ च्या मशीनला तो प्लेटच्या साधारण ५५ टक्के येईल. सगळं ठीक असेल तर खऱ्या दाबावर लावा आणि अर्धा तास नुसतं चालू ठेवा.

आता जाड प्लेटवर ई ६०१३ चा १० नंबर रॉड ११० अँपिअरच्या आसपास लावा. १० नंबर हौसेसाठी नव्हे, चाचणीसाठी: तीन रॉड एकामागोमाग जाळा, क्लॅम्प मीटरने खरा करंट मोजा आणि हँडलच्या पट्टीवर रंगाने नवी खूण करा. जुन्या पट्टीचा आकडा क्वचितच खरा असतो. मग प्लग काढून दोन्ही टर्मिनल आणि लग हाताने चाचपा. एक बाजू दुसरीपेक्षा गरम लागली तर तिथला सांधा ढिला आहे. १० नंबरची काळी काच, कातडी हातमोजे, कोरडे बूट या चाचणीलाही हवेतच. जीआय पाइपवर चाचणी करू नका. करायचीच असेल तर जस्ताचा थर आधी ग्राइंडरने काढा, कारण त्याच्या धुराने ताप भरतो.

रॉड सारखा चिकटत असेल तर आर्क लागलेला असताना लाइनचा व्होल्टेज मोजा. २३० चा २०० वर येत असेल तर दोष मशीनमध्ये नाही, मीटरपासून शेडपर्यंतच्या बारीक वायरमध्ये आहे. ई ७०१८ रॉड एसीवर नीट चालवायचा असेल तर ओसीव्ही ७० च्या वर लागतो. कमी असेल तर ६०१३ वरच राहा.

पावसाळ्यात मशीन जमिनीवर ठेवू नका, लाकडी फळीवर ठेवा. जून ते सप्टेंबर काम नसेल तर आठवड्यातून एकदा तासभर नुसतं चालू ठेवा, कॉइल कोमट होऊन ओल धरत नाही. आणि दसऱ्याला पूजेसाठी मशीन पुसाल, तेव्हा झाकण खोलून मेगरही फिरवा. वाळवताना वहीत लिहिलेला शेवटचा आकडा शेजारी ठेवा. निम्म्याच्या खाली आला असेल तर पुन्हा दोन बल्ब आणि गोणपाट.